राग भिंत

वय वाढतं तसा माणसाचा आवाज बारीक होत जातो, असं ठामपणे मानणारा एकच माणूस मला आयुष्यात भेटला. ते माझ्या बायकोचे काका, वामनकाका. राहणार पोशीर, नेरळच्या पुढचं. नोकरी साजगावच्या कारखान्यात फिटरची, शेती भाताची, आणि वादाचा विषय जन्मभर एकच: परदेशातल्या एका बँडच्या पहिल्या रेकॉर्डी चांगल्या की नंतरच्या.

बँड म्हणजे लग्नाच्या वरातीतला नव्हे. गिटारी वाजवणारा, केस वाढवलेल्या चार पोरांचा. त्या बँडचं खरं नाव पोशीरमध्ये कुणाच्याच तोंडात बसत नसे. पहिल्या रेकॉर्डीच्या पाकिटावर ती चार पोरं विटांच्या भिंतीवर पाय सोडून बसलेली होती, म्हणून घरात, मग आळीत आणि शेवटी भजनी मंडळात त्यांचं नाव पडलं 'भिंतवाले'. मला कॉलेजमुळे त्यांचं खरं नाव ठाऊक होतं आणि मी ते जीभ वळवून शुद्ध उच्चारत असे. त्याचा परिणाम एवढाच झाला, की नवा जावई कुठल्या तरी भलत्याच बँडबद्दल बोलतोय अशी सगळ्यांची समजूत झाली.

लग्नानंतर पहिल्यांदा पोशीरला गेलो तेव्हा जिल्ह्याचं नाव अजून कुलाबा होतं, आणि माझ्या शर्टाची कॉलर खांद्यापर्यंत पोचत होती. कल्ले राखले होते. नलूनं, म्हणजे बायकोनं, वाटेत बजावलं होतं, "काकांसमोर गाण्याबजावण्याचं बोलू नका." आता हे सांगितल्यावर मी दुसरं काय बोलणार होतो? चहा व्हायच्या आत मी पाश्चात्त्य संगीतावर चार वाक्यं टाकली. काकांनी मला कॉलरीपासून चपलांपर्यंत पाहिलं आणि आत वळून काकींना सांगितलं, "पोरगा बरा हाय गं. वजन कमी हाय."

मी त्या दिवशी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. रात्री नलूनं हसत हसत खुलासा केला, की काकांचं वजन हे काट्यावरचं नसतं.

काका सगळ्या जगाला त्या एका शब्दानं मोजत. पुढाऱ्याचं भाषण ऐकून आले की, "आवाज लई, वजन नाय." शेजारच्या पोरीला बघायला आलेला मुलगा, नव्या पुलाचं बांधकाम, काकींची आमटी, सगळ्यांना तीच परीक्षा. हे कुठून आलं ते मला पुढे खळ्यावर कळलं. भाताला वारं देताना काका सूप डोक्याच्या वर धरून हळूहळू ओतत. भरलेला दाणा सरळ त्यांच्या पायाशी पडे आणि फोल दाणा उडून पार कुंपणाला लागे. "बगा जावईबापू," ते म्हणाले, "जे खरं हाय ते लांब जात नाय. पायाशी पडतं." आणि मग, सूप खाली ठेवून, जणू विषय तोच चालू आहे अशा सुरात, "भिंतवाल्यांच्या पयल्या चार रेकॉर्डी पायाशी पडतात. नंतरच्या कुंपणाला."

त्या चार रेकॉर्डी आणि त्या वाजवायचं यंत्र घरात आलं त्याची कथा काकी सांगत. कारखान्यात नवं मशीन बसवायला एक परदेशी साहेब आला होता. नाव ऑटो. तो जर्मन होता की आणखी कुठला, यावर गावात एकमत नव्हतं. काका त्याच्या हाताखाली होते. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण पाना कुठला द्यायचा ते काकांना साहेबाच्या भुवईवरून कळे. मशीन चालू झालं, साहेबाचं परतायचं ठरलं, तेव्हा त्यानं काकांच्या खांद्यावर हात ठेवून आपल्या बंगल्यातला रेकॉर्ड प्लेअर दिला आणि वर चार छोट्या तबकड्या. काकींनी त्याचं नाव 'ओटासाहेब' करून टाकलं. नाहीतरी घरी आला होता तेव्हा खुर्ची नको म्हणून ओट्यावरच बसला होता.

पोशीरला तेव्हा वीज नुकतीच आली होती. काकांनी यंत्र देवघराशेजारच्या फळीवर मांडलं, वायर जोडली, तबकडी ठेवली. यंत्राच्या कडेला वेगाची एक छोटी कळ होती, मागेपुढे सरकणारी. तिला हात लावायचा नाही असा काकांनी पहिल्याच दिवशी घरात दंडक घातला. "साहेबानं जितं ठेवली तितंच ऱ्हायची. जानकार मानूस हाय तो." दसऱ्याला घरातल्या कोयत्या-विळ्यांबरोबर यंत्राचीही पूजा होई. हळदकुंकू, झेंडू, वस्त्रमाळ. पूजा काकींकडे होती, आणि त्यांचा हात सढळ. मी ते यंत्र पाहिलं तोवर कळीवर आणि तिच्या भोवतीच्या आकड्यांवर कुंकवाचा एवढा थर चढला होता, की तिथं कळ आहे हे सांगितल्याशिवाय कळलं नसतं.

काकांचा ऐकण्याचा रिवाज पाळीच्या वेळापत्रकावर चाले. पहिली पाळी करून साजगावहून परतले, की हातपाय धुवायचे, धोतराच्या मऊ तुकड्यानं तबकडी पुसायची, सुई ठेवायची आणि भिंतीला पाठ लावून बसायचं. कुणी उभं असेल तर एकच शब्द, "बसा." गाणं चालू असेपर्यंत बोलायचं नाही, पाणी मागायचं नाही. काका भजनी मंडळात पखवाज वाजवत, त्यामुळे त्यांची बोटं मांडीवर चालत.

आणि मला कबूल केलं पाहिजे, की ती चार गाणी ऐकताना कुणीही बसलंच असतं. ते नुसतं गाणं नव्हतं. एक अतिशय जाड, थकलेला, खोल विहिरीतून यावा तसा आवाज. प्रत्येक शब्द उचलून ठेवल्यासारखा. मागे ढोल, दूरच्या गावात वाजावा तसा. दुसऱ्या तबकडीत तर तो माणूस मधूनमधून "क... माँऽऽ" असा लांबलचक हंबरडा फोडत असे.

"आईला हाक मारतोय," काका सांगत. "पोरका असनार."

"शब्द काय आहेत, काका?" मी एकदा विचारलं.

"शब्द कशाला? पखवाजाला शब्द असतात का? तरी रडवतोच ना?"

नंतरच्या मोठ्या रेकॉर्डी काकांनी स्वतः मुंबईला जाऊन जुन्या बाजारातून आणल्या होत्या. त्यात त्याच बँडचा आवाज बारीक, तरतरीत, घाईतला होता. पाकिटांवर पोरांच्या मिशा आलेल्या, पोटं सुटलेली, आणि आवाज मात्र कोवळा. काकांचं निदान तयार होतं. "पयलं पोटात भूक व्हती, म्हनून आवाज बेंबीतनं यायचा. मंग पैसा आला. पैशानं मानसाचा आवाज पातळ व्हतो. आमच्या सरपंचाचा नाय झाला?"

मी विरुद्ध बाजूचा. नंतरच्या रेकॉर्डींत प्रयोग आहे, सतार आहे, उलटी वाजवलेली वाद्यं आहेत, प्रगल्भता आहे, असं मी म्हणे. हे सगळं मी एका इंग्रजी मासिकात वाचलं होतं. खरं सांगायचं तर नंतरच्यांतली दोन गाण्यांची सुरुवात कुठली आणि शेवट कुठला तेही मला कळत नसे. पण जावयाला एक बाजू घ्यावी लागते. नलू भाजी निवडताना म्हणायची, "ह्यांना आंघोळ करताना आरतीसुद्धा सुरात म्हणता येत नाही, आणि चालले प्रगल्भता सांगायला."

माझी प्रगल्भता संपली की काका शेवटचा पुरावा काढत. तो त्यांच्या मते निर्विवाद होता. छोटी तबकडी उजेडात धरून मधल्या कागदावर बोट ठेवत. तिथं छापलेलं होतं, ४५. मग मोठी रेकॉर्ड. तिथं ३३.

"काय हाय ह्ये?" ते विचारत.

"आकडा."

"वजन हाय," काका म्हणत. "कंपनीनं सोता छापलंय. पयल्याचं पंचेचाळीस, नंतरच्याचं तेहतीस. आता बोला."

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, ठाण्याच्या कचेरीत कारकून, आणि मला खरोखरच ते आकडे कसले ते माहीत नव्हतं. मला वाटे, किमतीबिमतीचा संबंध असेल.

त्या दुसऱ्या तबकडीची कीर्ती पुढे घराबाहेर गेली. 'आईच्या हाके'ची ती चाल काकांनी उचलली आणि मंडळाच्या एका अभंगाला लावली. विलंबित, जड, मधूनच थांबणारी. पोशीरचं मंडळ शेलूला सप्ताहात भजनाला गेलं तेव्हा तीच चाल धरली. मी जावई म्हणून पुढच्या सतरंजीवर. तिथले बुवा शिकलेले. गळ्यात उपरणं, बोलण्यात 'गमक' आणि 'श्रुती'. भजन संपल्यावर ते बराच वेळ डोळे मिटून बसले, मग काकांना म्हणाले, "वामनराव, ही चाल कुठल्या रागातली?"

काकांनी पखवाजावर हात ठेवून क्षणभर विचार केला. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"भिंत," ते म्हणाले.

बुवांनी हळूच मान हलवली. ज्याला एखादी गोष्ट माहीत नाही पण माहीत नाही असं म्हणायचंही नाही, तो हलवतो तशी. मला ती मान चांगली ओळखीची, कारण मीही ती हलवतो. पुढच्या वर्षी त्याच बुवांनी त्याच मांडवात भजनाआधी घोषणा केली, "आता ऐकू या, राग भिंत." पोशीरची माणसं उपरण्यात तोंड खुपसून हसली. काका हसले नाहीत. घरी येताना एवढंच म्हणाले, "धरला बऱ्यापैकी. वजन जरा कमी पडलं."

काकांबद्दल इतकं लिहिताना काकींना मी चुलीशीच ठेवलं, याचं कारण त्या होत्याच तशा. सरूकाकी. चर्चेत पडायच्या नाहीत. भिंतवाले पहिले चांगले की नंतरचे, असं मी एकदा मुद्दाम विचारलं तर म्हणाल्या, "मला काय कळतंय त्यातलं? आमी भाकऱ्या थापनारी मानसं." आणि थापायला लागल्या. तांदळाची भाकरी त्या अशी थापत की बघत बसावं. पटापट, मध्ये एक ठेका सोडून, पुन्हा पटापट, शेवटी दोन टोले आणि भाकरी तव्यात. ओठांत काही तरी गुणगुणत. मी विचारलं, हे कुठलं गाणं? म्हणाल्या, "असंच. आमच्या म्हायेरचं."

या घरच्या शांततेत बॉम्ब मी टाकला. तेव्हा क्यासेटींचे दिवस आले होते. दिवाळीच्या सुट्टीत मी भिंतवाल्यांच्या पहिल्या गाण्यांची क्यासेट आणि माझा टेपरेकॉर्डर घेऊन पोशीरला गेलो. मनात वाईट काही नव्हतं. काकांना वाटेल तेव्हा ती गाणी ऐकता यावीत, तबकड्या झिजू नयेत, एवढाच विचार. ओट्यावर टेप लावला, आणि त्यातून बारीक आवाजाची चार पोरं भसाभस गायला लागली. ढोल नाहीच, टाळ्या आणि थापटी. आईची हाक तर ओळखूच येईना. मग आली. "कम ऑन! कम ऑन!" पोरका कुणी नव्हता. नाचाला उशीर होतोय, आटप लवकर, असं कुणा मुलीला सांगत होता.

काकांनी अर्ध्यातच हात वर केला. "घाईत भरलंय."

"म्हणजे?"

"क्यासेट केवडी बारीक. एवडी मोठी गानी त्यात मावनार कशी? दाबून भरली असतील." मग माझ्यावर माया करत, "फसवलं तुमाला दुकानदारानं. ऱ्हाऊ द्या."

ते शेतावर निघून गेले. मी तिथंच बसून राहिलो. माझ्या डोक्यात दोन गोष्टी फिरत होत्या. एक, हे घाईतलं गाणं मी पूर्वी कुठं तरी ऐकलंय, क्यासेटच्याही आधी. आणि दुसरी, ४५. मी उठून यंत्रापाशी गेलो. कुंकवाचा थर नखानं जरा खरवडला, तर खाली आकडे निघाले. ३३. त्याच्यापुढे ४५. कळ होती ३३ वर.

माझ्यासारख्या माणसालासुद्धा उजेड पडायला तेवढं पुरलं. त्या आकड्यांना वजनाशी देणंघेणं नव्हतं. मिनिटाला तबकडी किती फिरवायची, त्याचे ते आकडे होते. साहेबानं जाताना शेवटची मोठी रेकॉर्ड ऐकली असणार, कळ तिथंच राहिली, आणि काकांनी ती देवाच्या पायासारखी जपली. पंचेचाळीसची गाणी इतकी वर्षं तेहतिसात. पोरं पहिल्यापासून बारीक आवाजाचीच होती. नंतरच्या मोठ्या रेकॉर्डी तेवढ्या बरोबर वाजत होत्या, आणि बिघडल्याचा शिक्का मात्र त्यांच्यावर बसला होता.

वाद मी जिंकलो होतो. माझं बोट कळीवर होतं. नुसतं पुढे सरकवायचं.

मागून मनगट धरलं गेलं. पिठाचा हात.

"जावईबापू," काकी म्हणाल्या, "तेवडं ऱ्हाऊ द्या."

"काकी, पण हे चुकीच्या..."

"पूजेचं हाय." त्यांनी बोटानं कुंकू परत सारखं केलं. मला वाटलं, भोळी भक्ती. मी हात मागे घेतला. तसाही, ज्या माणसानं त्या आवाजावर अभंग बसवला, त्याला जाऊन काय सांगायचं? की तुमचा पोरका एका मुलीला नाचायला बोलावतोय?

त्यानंतर काही दिवसांतच निरोप आला. कारखान्यातलं जुनं मशीन कुरकुरायला लागलं होतं आणि ते पाहायला परदेशातून खुद्द ऑटोसाहेब येत होता. काकांनी त्याला घरी जेवायला बोलावलं, आणि मला दुभाष्या म्हणून.

"एकदा निकाल लावू," काका म्हणाले. त्यांना इतकं उत्तेजित मी पहिल्यांदा पाहत होतो. ओटा सारवून घेतला होता, नवा गंजिफ्रॉक, वर इस्त्रीचा सदरा. "त्याच्याच रेकॉर्डी. त्यालाच ऐकवतो. पयल्या चांगल्या का नंतरच्या, साहेब सांगंल ते शेवटचं. तुमी फकस्त जसं बोलंल तसं सांगा. मदी आपलं घालू नका."

मला रात्रभर झोप आली नाही. नलू म्हणाली, "सांगून टाका ना काकांना आधी." मी म्हणालो, तू सांग. तिनं कूस बदलली.

रविवारी दुपारी साहेब आला. पांढरा झालेला, मोठं पोट. काका आणि तो एकमेकांचे हात धरून किती तरी वेळ नुसते हलवत उभे राहिले. जेवण झालं. काकांनी हात धुतले, तबकडी पुसली. "बसा," त्यांनी साहेबाला सांगितलं आणि सुई टेकवली.

तो खोल आवाज घरात पसरला. साहेबाची भुवई वर गेली. त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी छताकडे. साहेब किंचित उठला आणि त्याचा हात कळीकडे निघाला.

"अवो, त्यान्ला सांगा, चा निवतोय," दारातून काकी म्हणाल्या. आणि कपबशी घेऊन त्या सरळ साहेब आणि यंत्र यांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. काकांच्या रिवाजात गाण्याच्या मधे कुणी उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. काका "बसा" म्हणायचंही विसरले. साहेबाला कप घ्यावाच लागला. कप घेताना त्यानं भिंतीला पाठ लावून बसलेल्या काकांकडे पाहिलं. डोळे मिटलेले, बोटं मांडीवर. साहेब परत बसला. गाणं संपेपर्यंत चहाचा घोट काही त्यानं घेतला नाही.

मग माझ्याकडे वळून तो इंग्रजीत हळू आवाजात काही बोलला.

"काय म्हनतो?" काकांनी डोळे उघडले.

मी त्याचं वाक्य मनात दोनदा तपासलं. आपलं काही घालायचं नव्हतं. "साहेब म्हणतात, हे गाणं त्यांनी अनेकदा ऐकलंय. पण असं कधीच ऐकलं नव्हतं."

"मंग? पयल्या का नंतरच्या?"

साहेबाला प्रश्न कळायला माझी गरज लागली नाही. त्यानं ती छोटी तबकडी दोन बोटांनी उचलली, तळहातावर ठेवली आणि हात वरखाली करून, वजन करावं तसं, भुवया उंचावून मान हलवली. मग तीच पुन्हा लाव अशी खूण केली.

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी सगळी प्रगल्भता कुंपणाला लागली.

त्यानंतर आमचा वाद संपला. निकाल लागलेल्या विषयावर काका बोलत नसत. पुढे ते नोकरीतून सुटले. जिल्ह्याचं नाव रायगड झालं, आमच्या पोशीरच्या फेऱ्या कमी झाल्या. आणि एका थंडीत काकी अल्पशा आजारानं गेल्या. दिवसांना आम्ही होतो. काका पखवाजाला हात लावत नव्हते, आणि यंत्रालाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते त्यापुढच्या दसऱ्यानंतर. कर्जतला कचेरीचं काम निघालं होतं, परतताना नेरळला उतरलो आणि न कळवता पोशीर गाठलं. आळीत शिरलो तर घरातून गाणं येत होतं. बारीक आवाजाचं, घाईतलं. "कम ऑन! कम ऑन!" मला वाटलं, माझी ती क्यासेट कुणी लावलीय.

आत काका एकटे होते. यंत्र धुऊन पुसून स्वच्छ केलेलं, कुंकवाचा कण नाही. कळ ४५ वर.

मी काही बोलायच्या आत ते म्हणाले, "या जावईबापू. जरा ही कळ बगा."

मी पाहिली.

"औंदा पूजा मलाच करायची व्हती. म्हटलं आदी धुऊन घ्यावं. धुतली तर ही अशी." त्यांनी अंगठा कळीवरून फिरवला. "मी फिटर हाय. जी कळ हलत नाय, ती काळी पडते, गंजते. ही बगा, चांदीवानी घासलीय. रोजच्या वापरातली हाय ही."

मी त्या चकचकीत लोखंडाकडे पाहत राहिलो. पिठाचा हात आठवला. भाकरीचा तो ठेका आठवला, पटापट, मध्ये एक सोडून, शेवटी दोन टोले. क्यासेट ऐकताना जे ओळखीचं वाटलं होतं, ते मी या घरातल्या चुलीपाशी ऐकलं होतं.

"मी पयल्या पाळीला गेलो की लावत असंल," काका म्हणाले. "मी यायच्या आदी कळ मागं, वर कुंकू. त्या वक्ताला शेजारच्या बायका हसत हसत आमच्या दारातनं निगायच्या, मी वाटंत बगायचो. कवा इचारलं नाय. एवडी वर्षं. आनि मला एका शब्दानं बोलली नाय, की अवो, तुमचं चुकतंय."

"काका, चुकत नव्हतं..."

"तेहतीसवर माजं व्हतं, पंचेचाळीसवर तिचं," ते म्हणाले. मग एकदम हसल्यासारखं करून, "आनि त्या पोरांवर मी उगीच आळ घेतला वो. पैशानं बिघडली म्हनून. ती पयल्यापासनं अशीच व्हती. हितंच व्हती, माज्या घरात."

तबकडी संपली. त्यांनी सुई उचलली, कळ मागे घेतली, सुई पुन्हा टेकवली. तोच जुना खोल आवाज विहिरीतून वर आला, आणि मी सवयीनं भिंतीला पाठ लावून खाली बसलो. ते आता प्रत्येक गाणं दोनदा लावत असावेत. एकदा आपलं, एकदा तिचं.

"मग काका," मी विचारलं, कारण मला खरंच जाणून घ्यायचं होतं, "कुठलं चांगलं?"

त्यांनी हळू गाणं पुरतं ऐकलं. मग तबकडी पुसली, अंगठ्यानं कळ पुढे केली. चुलीकडच्या दाराकडे एकवार पाहिलं. सुई टेकली. ते गुडघ्यावर हात रोवून, खांबाला धरून, महाकष्टानं उभे राहिले.

मी अजून बसलेलाच होतो.

"उटा, जावईबापू," काका म्हणाले. "ह्ये बसून ऐकायचं नाय."